आमच्या पाईपवर आयएसआय येईपर्यंत

जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाईपचा कारखाना असणं यात नवल काहीच नाही. ठिबकच्या नळ्या, पाईप, चटया, डाळ मिल; शेजारी कोण म्हणून विचारलं तर यातलंच काहीतरी निघतं. सासऱ्यांनी एक लाइन टाकली होती, मोठ्या भाऊजींनी दुसरी वाढवली. गिऱ्हाईक बांधलेलं: यावल-रावेरचे केळीवाले, चोपडा-अमळनेरचे कापूसवाले आणि मध्ये बसलेले चार-पाच डीलर. माल अडीच केजी, चार केजी, सहा केजी. यातला केजी म्हणजे पाईप दर चौरस सेंटीमीटरला किती किलो दाब झेलतो तो आकडा, पाईपचं वजन नव्हे. दुकानात ही फोड सहसा कोणी करत नाही, आणि या घोळाचा आम्हाला पुढे बराच त्रास झाला.

मार्काशिवाय धंदा वर्षानुवर्षं चालला. 15 ऑगस्ट 2019 ला जलजीवन मिशन जाहीर झालं आणि गावोगाव नळयोजनांची कामं निघाली. ठेकेदार आयएसआय मार्काशिवाय पाईपला हात लावेना. महाडीबीटीवर पाईपच्या अनुदानाचा अर्ज टाकलेला शेतकरीसुद्धा मार्कवाल्या मालाचंच बिल मागू लागला. चोपड्याचे डीलर भाऊजींना तोंडावर म्हणाले, "शेठ, तुमचा माल चांगला आहे, पण मार्क नाही म्हणून परत जातो. आणा लवकर, नाहीतर आम्हाला दुसरा ठेवावा लागेल." त्याच दमात त्यांनी एक उपायही सुचवला: परवाना येईल तेव्हा येईल, तोवर छापून तर द्या, कोण बघतंय.

बघणारे असतात. आयएसआय मार्क देणारी संस्था म्हणजे बीआयएस, भारतीय मानक ब्युरो. तिचा कायदा 2016 चा, लागू झाला 12 ऑक्टोबर 2017 ला. परवाना नसताना मार्क छापला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख दंड, आणि तो मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. भाऊजींनी हे वाचलं आणि डीलरच्या सूचनेवर पुन्हा चर्चा झाली नाही.

माझं शिक्षण एम.एस्सी. केमिस्ट्री, इथल्याच विद्यापीठातून. लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग जीएसटीची बिलं करण्यात चालला होता. घरात विषय निघाला तेव्हा भाऊजी म्हणाले, "केमिस्ट्रीवाली घरात असताना बाहेर माणूस कशाला शोधायचा?" म्हणजे पगार वाचला. पण नियमाने क्वालिटी कंट्रोलचा, म्हणजे क्यूसीचा, माणूस शिकलेला लागतो, त्याच्या नेमणुकीचं पत्र आणि पदवीची प्रत अर्जाला जोडावी लागते. त्या कागदावर माझं नाव आलं ते मला आवडलंच.

सुरुवातीला एक सल्लागार येऊन गेले. चकचकीत फाइल, गोड बोलणं. "वहिनी, तुम्ही फक्त सह्या करा. रजिस्टरं आम्ही भरून देतो, मागच्या सहा महिन्यांची सुद्धा." न झालेल्या चाचण्यांचे आकडे आमच्या शाईने लिहून देणार आणि वर त्याचे पैसे घेणार. भाऊजींचा कल तिकडे होता, खोटं कशाला बोलू. त्यांना वाटत होतं की हे एक सरकारी काम आहे, आणि सरकारी काम म्हटलं की मधला माणूस लागतो. मी म्हटलं, आधी तो मानक काय म्हणतो ते वाचू तरी द्या.

भारतीय मानकं बीआयएसच्या पोर्टलवरून फुकट उतरवता येतात, हे आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. पाण्याच्या पीव्हीसी पाईपचा मानक आहे आयएस 4985. चाचण्या कशा करायच्या ते आयएस 12235 च्या वेगवेगळ्या भागांत. शिवाय प्रत्येक मानकाला एक प्रॉडक्ट मॅन्युअल असतं: कारखान्यात कोणती उपकरणं हवीत, कोणती चाचणी किती वेळाने करायची, कोणत्या मापाचा नमुना दिला की कोणत्या मापांना परवाना मिळतो, सगळं त्यात. सल्लागार ज्याचे पैसे मागत होते त्यातलं निम्मं या मॅन्युअलमध्ये छापलेलं होतं. कुणाला या वाटेने जायचं असेल तर पहिलं काम हे मॅन्युअल वाचणं. मग हवा तर माणूस नेमा.

यादी वाचली आणि घरात शांतता पसरली. पाईपची बाहेरची गोलाई आणि भिंतीची जाडी मोजणं आम्ही करतच होतो. बाकीचं? 150 अंशांच्या ओव्हनमध्ये तुकडा ठेवून लांबी किती आकसते ते पाहायचं, 5 टक्क्यांहून जास्त चालत नाही. पाईप किती तापमानाला मऊ पडतो ते पाहायचं, 80 अंशांच्या आत पडला तर नापास. घनता 1.40 ते 1.46. सल्फेटेड राख 11 टक्क्यांच्या आत. तासभर पाण्याचा दाब, तोही रोजच्या कामाच्या दाबाच्या चौपटीहून जास्त. शून्य अंशाला थंड केलेल्या पाईपवर वरून वजन टाकायचं. यातल्या बऱ्याच गोष्टींना उपकरण, आणि प्रत्येक उपकरणाला कॅलिब्रेशनचा, म्हणजे ते बरोबर मोजतं याचा, दाखला. कंप्रेसरच्या बाजूची भंगाराची खोली रिकामी केली, भिंतीला रंग दिला, एसी बसवला. सरकारी फी या सगळ्यात किरकोळ निघाली: अर्जाचे 1000 रुपये, तपासणीचे अधिकाऱ्यामागे दिवसाला 7000, परवान्याचे वर्षाला 1000, वर जीएसटी. मार्किंग फी वेगळी, ती उत्पादनावर, पण तिची किमान रक्कम ठरलेली. सूक्ष्म उद्योगाला तीत सवलत आहे. खरा खड्डा पाडला तो प्रयोगशाळेने.

आता बर्फाची गोष्ट.

आघाताची चाचणी शून्य अंशावर करायची असते, कारण थंडीत पीव्हीसी ठिसूळ होतं. आमचं काम नेमकं मे महिन्यात आलं. मेमधला जळगाव ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. दुपारी शेडचा पत्रा तडतडतो आणि माणसं पंख्याखालून हलत नाहीत. अशात मला पाईपचे तुकडे शून्याला आणायचे होते. थंड करणारं यंत्र मागवलं होतं, पण ते यायला अवकाश होता, म्हणून बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या. आमचे जुने ऑपरेटर बापू अमळनेरकडचे. गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या टेम्पोतून उतरवताना त्यांनी विचारलं, "वहिनी, इतला बरफ काय कराना शे?" पाईपला थंडी लावायची आहे म्हटल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

लाद्या फोडल्या, टबात बर्फ आणि पाणी, मध्ये थर्मामीटर. तुकड्यांच्या घेरावर आधी पेनाने उभ्या रेघा आखल्या होत्या, सारख्या अंतरावर. तुकडा टबातून काढला की काही सेकंदांत खाचेत ठेवायचा आणि गोल नाकाचं वजन ठरलेल्या उंचीवरून पहिल्या रेघेवर सोडायचं. मग पाईप फिरवायचा, दुसरी रेघ. उशीर झाला की पाईप गरम, चाचणी वाया. बापू तुकडा काढत, मी वजन सोडत होते, नवरा मोजत होता. पहिले काही तुकडे टण्ण आवाज करून तसेच राहिले. मग एक फुटला, तारेसारखी चीर टोकापर्यंत धावत गेली. पुढचाही फुटला. एकूण घावांपैकी फुटण्याचं प्रमाण 10 टक्क्यांच्या पुढे जाता कामा नये, आमचं गेलं. बापूंना हा त्यांच्या मशीनचा अपमान वाटला. ते म्हणाले, बर्फात घालून मारल्यावर लोखंडही फुटेल.

पण कारण बर्फात नव्हतं. ते शोधायला राख उपयोगी पडली, आणि सगळ्या प्रक्रियेत मला सर्वात जास्त शिकवलं ते या राखेने.

पीव्हीसी पाईप नुसत्या रेझिनचा, म्हणजे पीव्हीसीच्या मूळ पुडीचा, नसतो. रेझिन, उष्णतेत माल जळू न देणारं स्टॅबिलायझर, वॅक्स, थोडं टायटॅनियम, रंगाला कार्बन, आणि कॅल्शियम. कॅल्शियम म्हणजे चुनखडीची बारीक पूड. थोडं कॅल्शियम पाईपला लागतंच. पण रेझिन आणि कॅल्शियम यांच्या भावात जमीन-अस्मानाचं अंतर, त्यामुळे मिक्सरमध्ये एक घमेलं जास्त टाकण्याचा मोह संपूर्ण धंद्याला आहे. मार्काशिवायच्या मालात शंभर किलो रेझिनला चाळीस, पन्नास किलो कॅल्शियम टाकणारे लोक आहेत, आणि आमचाही जुना फॉर्म्युला काही सोवळ्यातला नव्हता. बाजार तसा होता, भाव तसा मिळत होता.

राखेची चाचणी हा मोह पकडण्यासाठीच ठेवली आहे. पाईपचा बारीक कीस क्रुसिबलमध्ये, म्हणजे आच सोसणाऱ्या वाटीत, जाळायचा, सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, मग भट्टीत पुन्हा तापवून जे उरेल ते वजन करायचं. यात एक गंमत आहे, ती फॉर्म्युला बसवणाऱ्याने लक्षात घ्यायला हवी. ॲसिडमुळे कॅल्शियम कार्बोनेटचं सल्फेट होतं आणि वजन वाढतं: 100 ग्रॅम चुनखडी असेल तर राखेत ती 136 ग्रॅम भरते. म्हणून 11 टक्के राख म्हणजे 11 टक्के कॅल्शियम चालतं असं धरणारा आपटतो. टायटॅनियम आणि बाकीची भर धरली तर शंभर किलो रेझिनला सात-आठ किलो कॅल्शियमच्या आसपासच ती रेघ येते. मी हा हिशेब करून नवा फॉर्म्युला मिक्सरजवळ चिकटवला होता. बापूंनी तो पाळलाही होता. तरी राख 13 च्या वर.

दोन वेळा जाळून पाहिलं, तराजू तपासला, ॲसिड बदललं. मिक्सरवरच्या पोरावर संशय घेऊन झाला, तो बिचारा रडकुंडीला आला. मग मशीनमध्ये माल ओतायच्या हॉपरपाशी उभी असताना ग्राइंडिंगच्या गोण्या दिसल्या. लाइन सुरू करताना, बंद करताना जो वाया पाईप निघतो तो दळून पुन्हा वापरतात. मानक याला परवानगी देतो, स्वतःच्याच कारखान्यातला स्वच्छ माल असेल तर 10 टक्क्यांपर्यंत. आमचा माल स्वतःचाच होता, स्वच्छही होता. पण तो जुन्या फॉर्म्युल्याचा होता! मी ते दळणच जाळलं. राख तीसच्या पुढे. नव्या पाईपमध्ये जुनं पाप गोणीतून येत होतं.

साठा बराच होता, भाऊजींच्या जिवावर आलं. शेवटी ते सगळं दळण इलेक्ट्रिकच्या केसिंग पट्ट्या काढणाऱ्या एकाला विकलं, येईल त्या भावाने. त्यानंतर नव्या फॉर्म्युल्याचा वाया माल वेगळ्या रंगाच्या गोणीत भरायचा नियम केला. राख 11 च्या आत बसली आणि बर्फातला पाईपही फुटायचा थांबला, कारण जादा चुनखडीनेच तो ठिसूळ होत होता.

आणखी एक डोकेदुखी शिशाची. पूर्वी शिशाचं स्टॅबिलायझर सर्रास वापरत, स्वस्त आणि मशीनला सोयीचं. पिण्याच्या पाण्याच्या पाईपमध्ये ते नको म्हणून केंद्राने 2021 मध्ये पाईपमधल्या शिशाच्या स्टॅबिलायझरबद्दल वेगळे नियमच काढले. आम्ही कॅल्शियम-झिंकच्या स्टॅबिलायझरवर गेलो. ते जरा नाजूक प्रकरण. तापमान थोडं चुकलं की डायमध्ये, पाईपला आकार देणाऱ्या साच्यात, माल जळतो, पाईपवर पिवळ्या रेघा उमटतात आणि शेडभर नाकात झोंबणारा वास. बापूंनी हीटरचे आकडे पुन्हा बसवले, ते काम त्यांचंच. मला त्यातलं कळत नाही आणि मी कळतं असं दाखवलंही नाही.

अर्ज बीआयएसच्या मानक ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. उद्यम नोंदणी, जागेचे कागद, मशीनची यादी, उपकरणांची यादी आणि कॅलिब्रेशन दाखले, कारखान्याचा नकाशा, कच्चा माल आत येण्यापासून पाईप बाहेर जाईपर्यंतचा क्रम. वाटा दोन आहेत. एकीत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा पास रिपोर्ट आधीच जोडायचा, मग परवाना 30 दिवसांत अपेक्षित असतो. दुसरीत आधी तपासणी, अधिकाऱ्यासमोर नमुना, मग चाचणी. सल्लागार पहिली घ्या म्हणत होते, आम्ही दुसरी घेतली. लवकर कोणती हे उघड आहे. पण भाऊजींचं म्हणणं पडलं, आणि मला ते पटलं, की बीआयएसच्या साहेबांनी एकदा सगळं बघून काय कमी आहे ते सांगितलेलं बरं. रिपोर्टवर खर्च करून मग खोट निघाली तर दुहेरी भुर्दंड.

साहेब आले ते सकाळीच. चहा घेतला, पण बसले नाहीत. थेट गोदामात जाऊन रेझिनच्या गोण्यांवरचे बॅच नंबर आमच्या रजिस्टरशी ताडून पाहिले. मग मिक्सर, मग लाइन. प्रयोगशाळेत आल्यावर नवऱ्याने ओव्हन दाखवायला सुरुवात केली, तर म्हणाले, "क्यूसी इनचार्ज मॅडम आहेत ना? मग त्यांना करू द्या." समोर उभं राहून प्रत्येक चाचणी मला करायला लावली. ओव्हनचा आकडा 150 दाखवतोय, पण आत खरोखर 150 आहे हे तुम्हाला कसं कळतं? दाखला दाखवला. दाबाच्या चाचणीचं पाणी किती अंशाचं? मानक 27 सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात टाकीच्या पाण्याला हात लावायची सोय नसते, म्हणून चिलर बसवला होता. त्याच्याजवळ जाऊन त्यांनी स्वतः थर्मामीटर बुडवला.

मग रजिस्टर. पानं उलटताना ते नापास नोंदींवर थांबले. राख 13, राख 13, आघात नापास. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं की ही पानं फाडली का नाहीत. साहेबांनी विचारलं, पुढे काय केलंत? मी दळणाची सगळी हकीकत सांगितली, दळण जाळल्याची नोंदही पुढच्या पानावर होती. ते ऐकून म्हणाले, "जिथे सहा महिन्यांत एकही नापास नाही तिथे मला जास्त वेळ बसावं लागतं." कागदावर त्यांनी दोन त्रुटी लिहिल्या: एका दाबमापकाचा दाखला संपत आला होता, आणि पास झालेला व नापास झालेला माल ठेवायच्या जागा नीट आखलेल्या नव्हत्या. दोन्ही खऱ्या होत्या. पिवळा पट्टा मारून जागा आखली, दाबमापक पाठवून दिला, फोटो आणि दाखला पोर्टलवर चढवला.

जाताना त्यांनी चालू लाइनवरून आणि गोदामातून पाईप निवडले, तुकडे कापले, सह्या, सील. ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत गेले.

आणि तिथून सुरू झाली वाट पाहणी. लोक म्हणतात सरकारी काम, म्हणून उशीर. निदान या उशिराचं कारण मानकातच आहे. पाईपवर 60 अंशांच्या पाण्यात 1000 तास सलग दाब ठेवायचा असतो. हजार तास म्हणजे जवळजवळ सहा आठवडे, आणि ते कुणाच्या ओळखीने कमी होत नाहीत. पाईप जमिनीखाली वर्षानुवर्षं राहणार, त्याची आज थोडक्यात परीक्षा घ्यायची तर गरम पाण्यात लांबवर ताणूनच घ्यावी लागते. आमच्या भागात तर त्याला आणखी एक परीक्षा असते. शेतीची लाइट रात्री-अपरात्री येते, ऑटो स्टार्टरवर मोटर एकदम उठते, आणि तापीकाठावरून केळीच्या मळ्यापर्यंत पुरलेल्या लांब पाईपमध्ये पाण्याचा दणका बसतो. फुटला तर तो कुठे फुटला हे सकाळी चिखल बघून शोधायचं. भाऊजी मात्र रोज विचारत, "किती तास झाले?" जणू भात शिजतोय.

रिपोर्ट पास आला. त्यानंतर परवाना फारसा अडला नाही. परवान्याचा नंबर म्हणजे सीएम/एल ही अक्षरं आणि पुढे दहा आकडे. त्यासोबत स्कोप, म्हणजे कोणती मापं, दाबाचे कोणते क्लास. हे नीट वाचावं. स्कोपबाहेरच्या मापावर मार्क छापणं म्हणजे परवाना नसल्यासारखंच. आमच्या एका डीलरने लगेच मोठं माप मागितलं, "परवाना तर आला ना?" त्याला समजवायला अर्धा तास गेला.

छपाईचा मान बापूंना दिला. चार केजीला निळी शाई, सहा केजीला हिरवी. मार्काच्या वर आयएस 4985, खाली आमचा नंबर, शेजारी कारखान्याचं नाव, माप, क्लास, बॅच. पहिल्या दिवशी प्रिंटरचं तोंड धुळीने चोंदलं आणि निम्म्या पाईपवर मार्क अर्धवट उठला. तो माल बाजूला काढून दळायला टाकला. भाऊजी स्वतःहून म्हणाले, दळा.

मला वाटलं होतं आता विक्री सोपी. ठेकेदारांकडे झालीही. शेतकऱ्याकडे गाडं अडलं, आणि कुठे, तर वजनावर. आपल्याकडे पाईप घेताना माणूस तो खांद्यावर तोलून बघतो. जड म्हणजे दणकट, हे कुणाच्या मनातून काढता येत नाही. नव्या फॉर्म्युल्याचा पाईप तेवढ्याच जाडीत हलका भरत होता. अमळनेरच्या दुकानात एका बाबांनी एका हातात आमचा, दुसऱ्या हातात बिगरमार्काचा तुकडा घेतला आणि निकाल दिला, "हाऊ ते हलका लागस भो." डीलर माझ्याकडे बघून हसले.

पण जड होता तो चुनखडीने. रेझिनची घनता 1.4 च्या आसपास, चुनखडीची 2.7. जितकी पूड जास्त तितका पाईप जड आणि तितकाच ठिसूळ. मानकात घनतेला वरची मर्यादा 1.46 घातली आहे ती यासाठीच. बाबांना घनता सांगण्यात अर्थ नव्हता. दुकानात मोटर दुरुस्तीचा, वस्तू आवळून धरायचा वाईस होता. दोन्ही तुकडे पाळीपाळीने त्यात धरले आणि दांडा फिरवला. आमचा चपटा होत गेला, दोन्ही भिंती एकमेकींना टेकल्या, सोडल्यावर थोडा वर आला. दुसरा निम्म्यातच काडकन फुटला, एक कपचा बाबांच्या पायापाशी जाऊन पडला. त्यांनी तो उचलून दाताने चावून पाहिला. "हाई ते खडू शे," म्हणाले. पाईप त्यांनी त्या दिवशी घेतला नाही, भाव जास्त वाटला. पुढच्या हंगामात आले, असं डीलर सांगतात.

आता डीलरकडे वाईस ठेवायला सांगितला आहे. शिवाय बीआयएस केअर नावाचं ॲप आहे, त्यात पाईपवरचा सीएम/एल नंबर टाकला की परवाना कुणाचा, चालू आहे की नाही, कोणत्या मापांचा, सगळं दिसतं. गावातली पोरं हे दोन मिनिटांत करतात. नंबर न छापता नुसतं चिन्ह असेल, किंवा मोठ्या अक्षरांत आयएसओ 9001 छापून गिऱ्हाइकाला तेच आयएसआय म्हणून सांगत असतील, तर पाईप खाली ठेवावा. आयएसओ 9001 हा कारखान्याच्या कारभाराचा दाखला आहे, पाईपची परीक्षा नव्हे.

परवाना हातात आल्यावर काम संपतं असं समजणाऱ्यांसाठी सांगते, वाढतं. जाडी रोज, पाळीगणिक; दाब, आघात, राख मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या वेळापत्रकाने. सगळं लिहून. अधिकारी न कळवता येतात, नमुना कारखान्यातून नेतात आणि बाजारातून विकतही घेतात, म्हणजे चोपड्याच्या दुकानात उन्हात महिनोन्महिने पडलेला आमचा पाईपसुद्धा परीक्षेला बसू शकतो. म्हणून डीलरना माल सावलीत ठेवा म्हणून मागे लागावं लागतं. नमुना नापास झाला तर मार्किंग बंद ठेवायचा आदेश येतो, सुधारणा दाखवेपर्यंत. मार्किंग बंद म्हणजे आमच्यासारख्यांचं दुकान बंद, कारण मार्क आल्यावर आम्ही बिगरमार्क माल काढणंच सोडलं. भाऊजींना त्या मालाचा नफा अजून आठवतो, अधूनमधून बोलूनही दाखवतात. पण एकाच मिक्सरवर दोन फॉर्म्युले चालवायचे म्हटलं की दळणाच्या गोण्यांची अदलाबदल कधी ना कधी होणारच, आणि ती गोणी काय करते हे त्यांनी स्वतः पाहिलं आहे.

सध्या आठ केजीचा क्लास स्कोपमध्ये घालायचा अर्ज टाकला आहे. नमुना प्रयोगशाळेत गेलाय. डीलर रोज भाव विचारतात. त्यांना सांगून ठेवलंय, रिपोर्ट येईपर्यंत या पाईपला भाव नाही.